पडद्यावरील चित्र आणि स्मृतीची पाने

लग्नघरी पंगतीमागून पंगती उठतात, वाढपी धावत असतात आणि पाहुणे तृप्त होऊन हात धुवावयास जातात. परंतु कोठीघराच्या दाराशी बसून किती ताटे बाहेर गेली, किती परत आली आणि त्यांतील किती घासून पुसून पुढील पंगतीसाठी तयार झाली, याचा हिशेब ठेवणारा मनुष्य पाहुण्यांच्या दृष्टीस सहसा पडत नाही. त्याचा हिशेब चोख असेल तर त्याची कोणी आठवणही काढीत नाही. हिशेब चुकला की मात्र सारा मांडव त्याच्या नावाने ओरडतो.

संगणकाच्या पडद्यावर जे चित्र उमटते त्याच्यामागेही असाच एक कोठीवाला बसलेला असतो. त्याला ‘ग्राफिक्स ड्रायव्हर’ असे म्हणतात. ताटांऐवजी तो स्मृतीची पाने देतो आणि घेतो. ही पाने तो कोणाकडून आणतो, कशी वाटतो आणि परत कशी घेतो, हे विद्यार्थी मित्रांस व त्यांच्या घरच्या मंडळींस समजावून सांगावे, असे आम्ही या लेखात योजिले आहे. विषय नवा वाटला तरी त्यातील गणित शाळेतीलच आहे आणि त्यातील व्यवहार तर आपल्या सौंसर-पांढुर्ण्याकडील कोणत्याही शेतकऱ्याच्या परिचयाचा आहे.

पान म्हणजे काय?

संगणकाची स्मृती, म्हणजेच मेमरी, ही लहान लहान घरांची एक लांबच लांब ओळ होय. प्रत्येक घरात एक बाइट मावतो. अशी अब्जावधी घरे एकेक करून वाटावयाची म्हटले तर वाटणीची वही स्मृतीहूनही मोठी होईल. म्हणून संगणक ती घरे ठराविक आकाराच्या गठ्ठ्यांत मोजतो. या गठ्ठ्यास ‘पान’ हे नाव आहे. नेहमीच्या वापरातील बहुतेक संगणकांत एक पान ४,०९६ बाइटांचे असते. काही यंत्रांत ते याहून मोठेही असते. आमच्या हिशेबास ४,०९६ पुरे.

पानांची ही कल्पना इंग्लंडातील मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न व त्यांचे सहकारी यांनी तयार केलेल्या ‘अ‍ॅटलस’ या संगणकात प्रथम मोठ्या प्रमाणावर अंमलात आली. १९६२ साली सुरू झालेल्या त्या यंत्राचे एक पान ५१२ शब्दांचे असे. लिहिणाऱ्याने पान क्रमांक सांगावा आणि ते पान प्रत्यक्षात कोठे ठेवले आहे याची चिंता यंत्राने करावी, ही अ‍ॅटलसची मुख्य देणगी होय.

त्याच सुमारास आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एक संगणक काम करू लागला होता. फेब्रुवारी १९६० मध्ये तो रीतसर कार्यान्वित झाला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. प्रा. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या या यंत्रात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि आलेख व अक्षरे दाखविण्यासाठी त्याला एक पडदाही जोडलेला होता. त्याची मुख्य स्मृती २,०४८ शब्दांची व प्रत्येक शब्द ४० बिटांचा. म्हणजे २,०४८ गुणिले ४०, बरोबर ८१,९२० बिट. आठांनी भागले की १०,२४० बाइट. आजच्या मापाने ही अवघी अडीच पाने झाली! एवढ्या स्मृतीत त्या काळच्या शास्त्रज्ञांनी गणिते सोडविली, हे ध्यानात ठेवून आता आजच्या पडद्याकडे वळू.

एका चित्रास किती पाने?

संत्र्याच्या बागेचे एखादे छायाचित्र संगणकावर पडदाभर उघडले आहे, अशी कल्पना करा. सामान्यतः आढळणाऱ्या एका जातीच्या पडद्यावर आडव्या ओळीत १,९२० आणि उभ्या ओळीत १,०८० ठिपके असतात. या दोहोंचा गुणाकार २०,७३,६०० होतो. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहून ठेवण्यास ४ बाइट लागतात असे धरले, तर एका पूर्ण चित्रास ८२,९४,४०० बाइट हवेत. या संख्येस ४,०९६ ने भागून पाहा. भागाकार नेमका २,०२५ येतो, बाकी शून्य.

बागेच्या एका चित्रास २,०२५ पाने! टिफ्रॅकची सारी स्मृती ८१० वेळा एकत्र केली, तर एवढी जागा होईल. शिवाय एवढ्यावर भागत नाही. पडद्यावर एक चित्र दिसत असताना पुढील चित्र आडोशाला तयार करावे लागते. नाही तर अर्धवट रंगविलेले चित्र पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येईल. म्हणून निदान दोन संच हवेत आणि पाने झाली ४,०५०. त्यावर प्रत्येक उघड्या खिडकीची स्वतंत्र पाने, अक्षरांच्या आकारांची पाने, खेळांतील भिंती व झाडे यांच्या पोताची पाने. पडदा दर सेकंदास बहुधा साठ वेळा नव्याने उमटतो. अर्थात एका सेकंदात सुमारे पन्नास कोटी बाइट वाचले जातात. एवढी उलाढाल जेथे आहे तेथे वाटणीची शिस्त हवी, हे उघड आहे.

मागणीची वाट

चित्र काढणारा कार्यक्रम, मग तो चित्रकलेचा असो वा खेळाचा, स्वतः उठून स्मृतीस हात लावीत नाही. तशी त्यास परवानगीच नसते. तो आपली मागणी ग्राफिक्स ड्रायव्हरकडे नेतो. ड्रायव्हर म्हणजे विशिष्ट यंत्रभागाची भाषा जाणणारा आणि त्याच्याकडून काम करवून घेणारा आज्ञासंच. ड्रायव्हर पुढे कर्नलकडे जातो. लष्करातील कर्नलसाहेबांशी याचा संबंध नाही. येथे कर्नल म्हणजे संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा. सर्व पानांचा अंतिम मालक तोच.

ग्राफिक्स प्रोसेसर, म्हणजे चित्राचे गणित करणारे यंत्र, दोन तऱ्हांनी बसविलेले असते. महाग संगणकांत त्याचे वेगळे कार्ड असून त्यावर त्याची स्वतःची स्मृती असते. शाळांतून, घरांतून व मोबाइल फोनांत आढळणाऱ्या बहुतेक यंत्रांत मात्र त्यास स्वतंत्र स्मृती नसते. मुख्य प्रोसेसर व तो एकाच कोठारातून जेवतात. अशा संयुक्त कुटुंबात चित्रासाठी जास्त पाने गेली की लेखनास, हिशेबास व इतर कामांस तेवढी कमी पडतात. म्हणूनच थोड्या स्मृतीच्या जुन्या संगणकावर ड्रायव्हरच्या शहाणपणास विशेष मोल आहे.

भावांची वाटणी आणि पटवाऱ्याची वही

आता ड्रायव्हरने कर्नलकडे २,०२५ पाने मागितली, असे समजू. ती कशी मिळतात?

लिनक्ससारख्या प्रणालीत मोकळी पाने १, २, ४, ८, १६ अशा दुपटीच्या गठ्ठ्यांत ठेवलेली असतात. लहान गठ्ठा हवा असेल व तो शिल्लक नसेल, तर मोठा गठ्ठा मधोमध दुभंगून त्याचे दोन सारखे भाऊ करतात. एक देऊन टाकतात, दुसरा राखून ठेवतात. पुढे दोन्ही भाऊ मोकळे झाले की ते पुन्हा एक होतात. खऱ्या भाऊबंदकीत असे पुनर्मीलन क्वचितच पहावयास मिळते. पण संगणकात ते क्षणोक्षणी घडते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या केनेथ नोल्टन यांनी १९६५ साली या पद्धतीवर लेख प्रसिद्ध केला. हेच नोल्टन संगणकाकडून चलच्चित्रे काढून घेणाऱ्या आद्य मंडळींपैकी होते, हा योगायोग मोठा सुरेख आहे.

या पद्धतीत एक अडचण आहे. २,०२५ पाने एकाच सलग गठ्ठ्यात हवी असल्यास जवळचा दुपटीचा अंक २,०४८ होय. परंतु नेहमीच्या लिनक्स संगणकात सर्वांत मोठा गठ्ठा १,०२४ पानांचाच असतो. शिवाय संगणक बराच वेळ चालू राहिला की मोकळी जागा तुकड्यातुकड्यांनी विखुरते. एकूण पाने पुष्कळ, पण सलग अशी थोडी, अशी स्थिती होते. आठवडी बाजारात मोकळी जागा जागोजाग दिसते, पण बैलगाडी उभी करण्याएवढी एके ठिकाणी सापडत नाही, तसे हे आहे.

यावर चांगला ड्रायव्हर असे करतो. तो प्रथम १,०२४ चा गठ्ठा मागतो. तो मिळाल्यावर उरलेल्या १,००१ पानांसाठी ५१२ चा, मग २५६ चा, असे उतरत जातो. शेवटी हिशेब पुढीलप्रमाणे पुरा होतो :

१,०२४ + ५१२ + २५६ + १२८ + ६४ + ३२ + ८ + १ = २,०२५.

आठच गठ्ठ्यांत काम झाले आणि एकही पान वाया गेले नाही. विद्यार्थ्यांनी २,०२५ ही संख्या द्विमान पद्धतीत मांडून पाहावी. ११११११०१००१ असे अंक येतात आणि जेथे जेथे १ आहे तेथे तेथे एकेक गठ्ठा आहे. मोठा गठ्ठा मिळाला नाही तर ड्रायव्हर रुसून बसत नाही. दोन लहान घेतो. अगदी टंचाई असेल तर एकेक पान गोळा करतो. मोठे गठ्ठे आधी मागण्याचे कारण एवढेच की गठ्ठे जितके थोडे तितक्या नोंदी थोड्या व शोधण्याचे काम हलके.

पण पाने विखुरलेली असताना चित्र अखंड कसे दिसते? येथे आपल्या पटवाऱ्याचे दप्तर आठवावे. एखाद्या खातेदाराची जमीन एक तुकडा नाल्यापलीकडे, एक रस्त्यालगत आणि एक टेकडीच्या उतारावर, अशी तीन ठिकाणी असू शकते. तिन्हींचे खसरा क्रमांक निराळे. तरीही बी-१ खतौनीत एकाच खात्याखाली त्या तिन्ही क्रमांकांची ओळीने नोंद होते आणि कागदावर ती एक मालमत्ता ठरते. ग्राफिक्स प्रोसेसरजवळही अशी एक खतौनी असते. तिला ‘पेज टेबल’ म्हणतात. चित्राचे पहिले पान प्रत्यक्षात अमुक क्रमांकावर, दुसरे तमुक क्रमांकावर, असे तीत लिहिलेले असते. प्रोसेसर ओळीने वाचीत जातो आणि विखुरलेली पाने त्यास सलग भासतात. ही खतौनी लिहिणे, बदलणे आणि वेळेवर नोंद खोडणे हे ड्रायव्हरचे काम. पुढे ज्या अनर्थांची हकीकत येणार आहे, त्यांतील एक केवळ न खोडलेल्या नोंदीतून उद्भवला.

कल्हईची भांडी

पान मिळाले की लगेच वापरावे, असे नेहमीच करता येत नाही. मुख्य प्रोसेसर आपले काम जलद व्हावे म्हणून नुकतीच वापरलेली माहिती आपल्या जवळच्या एका छोट्या खणात ठेवतो. या खणास ‘कॅश’ म्हणतात. प्रोसेसरने रंग लिहिला, तो खणात राहिला आणि स्मृतीतील पानावर पोहोचलाच नाही, तर अनेक यंत्रांत ग्राफिक्स प्रोसेसर जुनेच पान वाचील. म्हणून जेथे एकाने केवळ लिहावयाचे व दुसऱ्याने वाचावयाचे असते, अशा पानांस वेगळी खूण करतात : येथील लिखाण खणात अडकवू नये, ते गोळा करून थेट पानावर धाडावे.

ही खूण करणे मात्र खर्चाचे काम आहे. प्रोसेसरच्या सर्व गाभ्यांस निरोप द्यावा लागतो, त्यांच्याजवळच्या जुन्या टिपा रद्द कराव्या लागतात आणि तेवढा वेळ चालू कामांचा खोळंबा होतो. पान परत करताना ती खूण पुसावी लागते. पुन्हा तोच खटाटोप. दर चित्रामागे असे केले तर चित्र अडखळत चालेल.

पूर्वी पितळेच्या भांड्यांस कल्हई केल्याशिवाय त्यांत आंबट पदार्थ शिजवीत नसत. कल्हई करविण्यास वेळ व पैसा लागे. म्हणून कार्य चालू असेतो कल्हई केलेली भांडी कोठीघरातच निराळी मांडून ठेवीत. एक पंगत उठली की मालकास परत आणि दुसरी बसताना पुन्हा कल्हईवाल्याकडे, असा वेडेपणा कोणी करीत नसे. ड्रायव्हर हेच करतो. खूण केलेली पाने काम संपताच तो कर्नलला देत नाही. ती आपल्या एका राखीव साठ्यात ठेवतो. साठ्यात आकारानुसार व खुणेनुसार निरनिराळे कप्पे असतात. नवी मागणी आली की प्रथम साठ्यात पाहावयाचे आणि तेथे नसेल तरच कर्नलच्या दारी जावयाचे.

लिनक्समध्ये हे काम मुख्यतः ‘टीटीएम’ नावाच्या भागाकडे असून तो २००९ पासून त्या प्रणालीत समाविष्ट आहे. लिनक्सचा सर्व मजकूर मुक्त असल्यामुळे कोणाही जिज्ञासूस तो वाचता येतो. शाळा व सरकारी कार्यालये डोळ्यांसमोर ठेवून सी-डॅक या भारतीय संस्थेने सिद्ध केलेली ‘बॉस’ ही प्रणालीदेखील लिनक्सवरच आधारलेली आहे. तेव्हा आम्ही येथे वर्णिलेली कोठी डोळ्यांनी पाहावयाची असेल तर विलायतेस जाण्याचे कारण नाही.

देण्याहून घेणे कठीण

साठा ठेवणे चांगले. पण साठ्याचा लोभ वाईट. ड्रायव्हरने हजारो पाने ‘पुढे लागतील’ म्हणून दाबून ठेवली आणि बिचारा निबंध लिहिणारा विद्यार्थी स्मृतीअभावी खोळंबून राहिला, तर त्या साठ्यास साठेबाजीच म्हणावे लागेल. म्हणून कर्नलला टंचाई भासू लागली की तो सर्व विभागांस हाक देतो. त्या हाकेस ओ देऊन ड्रायव्हरने आपला साठा सोडावयाचा असतो.

काय सोडावे याचाही क्रम आहे. प्रथम साठ्यातील रिकामी पाने. मग ज्यांविषयी कार्यक्रमाने आधीच ‘ही गेली तरी मी पुन्हा तयार करीन’ असे सांगून ठेवले आहे अशी पाने. त्यानंतर, सोय असल्यास, काही पानांतील मजकूर डिस्कवर उतरवून ती मोकळी करता येतात. परंतु पडद्यावर या क्षणी जे चित्र दिसत आहे त्याच्या पानांस हात लावावयाचा नाही. जेवणाऱ्याच्या पुढील ताट ओढावयाचे नसते.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. ग्राफिक्स प्रोसेसर मुख्य प्रोसेसरच्या पाठोपाठ, आपल्या गतीने काम करतो. कार्यक्रमाने ‘माझे काम झाले, पाने घ्या’ असे म्हटले, तरी ग्राफिक्स प्रोसेसर त्या क्षणी त्याच पानांवरून वाचीत असण्याचा संभव असतो. म्हणून प्रत्येक कामाच्या शेवटी एक खूण ठेवलेली असते. ती खूण उमटेपर्यंत पाने मोकळी झाली असे मानावयाचे नाही.

हिशेब चुकल्यास काय होते? चुका दोन प्रकारच्या. पहिली, परत घ्यावयाचे विसरणे. चार गिगाबाइट स्मृतीत १०,४८,५७६ पाने असतात. दर मिनिटास एका चित्राची २,०२५ पाने परत घेण्यास ड्रायव्हर विसरला, तर ५१७ मिनिटांनंतर पुढील चित्रापुरतीही पाने उरणार नाहीत. म्हणजे साडेआठ तासांहून थोडाच अधिक वेळ. आणि इतर कामांनी आधीच पुष्कळ पाने घेतलेली असल्याने प्रत्यक्षात गाडी याहून फार लवकर अडेल. सकाळी चपळ असलेला संगणक दुपारी रेंगाळू लागतो व बंद करून सुरू करताच पुन्हा ठीक चालतो, याचे एक कारण अशी गळती असू शकते.

दुसरी चूक याहून भयंकर : पान परत घेतले, पण खतौनीतील किंवा अन्य ठिकाणची जुनी नोंद खोडली नाही. जमीन विकली गेली, नवा मालक नांगरू लागला, तरी जुन्याच्या हाती पट्टा शिल्लक; मग तंटा होणारच. २०२२ साली आर्म कंपनीच्या ‘माली’ या ग्राफिक्स प्रोसेसरच्या ड्रायव्हरमध्ये नेमका असा दोष संशोधकांस आढळला. स्मृतीची टंचाई निर्माण होताच ड्रायव्हर एक भाग मोकळा करी; परंतु त्या भागाकडे बोट दाखविणारी एक नोंद मागे तशीच राही. त्या नोंदीचा उपयोग करून एखादा साधा कार्यक्रम पिक्सेल ६ या फोनचा संपूर्ण ताबा मिळवू शकतो, हे संशोधकांनी प्रयोगाने दाखविले. दोष पुढे दुरुस्त करण्यात आला. फोन आपल्या यंत्रणेत सुधारणा करून घेण्याची परवानगी मागतो, त्या वेळी ‘नंतर पाहू’ म्हणून ती पुढे ढकलणाऱ्या घरच्या मंडळींनी ही हकीकत अवश्य ध्यानात ठेवावी.

घासलेले ताट

मोकळे झालेले पान म्हणजे कोरे पान नव्हे. त्यावर आधीच्या मालकाचा मजकूर तसाच असतो. बँकेच्या खात्याचा उतारा, वैद्याचा कागद अथवा आईने लेकीस धाडलेले छायाचित्र पडद्यावर दिसून नाहीसे झाले, तरी त्याचे ठिपके स्मृतीत मागे राहू शकतात. तेच पान न पुसता दुसऱ्या कार्यक्रमास दिले, तर परक्याच्या ताटातील उष्टे तसेच पुढच्या पाहुण्यासमोर वाढल्यासारखे होईल. आणि येथे त्या उष्ट्यातून घरातील गुप्त गोष्टी बाहेर पडतील. यासाठी पानावर सर्वत्र शून्य लिहून ते कोरे करावे लागते. वर सांगितलेल्या टीटीएमच्या साठ्यात परतलेली पाने पुन्हा कोणास देण्यापूर्वी अशीच पुसली जातात.

हा नियम मुख्य स्मृतीच्या पानांपुरताच नाही. ग्राफिक्स प्रोसेसरच्या पोटातही एक छोटी, अतिशय जलद स्मृती असते. जानेवारी २०२४ मध्ये ‘ट्रेल ऑफ बिट्स’ या संस्थेच्या संशोधकांनी असे जाहीर केले की, अ‍ॅपल, एएमडी व क्वालकॉम यांच्या काही ग्राफिक्स प्रोसेसरांत ही आतील स्मृती एका कार्यक्रमानंतर दुसऱ्यास देताना पुसली जात नव्हती. तेवढ्या उरल्यासुरल्या अंशावरून शेजारच्या कार्यक्रमाने यंत्राकडून मिळविलेली उत्तरे त्यांनी पुन्हा जुळवून दाखविली. पुसण्यास लागणारा अल्पसा वेळ वाचविण्याची किंमत केवढी असू शकते, हे यावरून समजावे.

चित्रापलीकडे

ग्राफिक्स प्रोसेसर एकाच वेळी हजारो ठिपक्यांचे गणित करतो. हीच शक्ती इतर गणितांसही उपयोगी पडते, हे ध्यानात आल्यावर शास्त्रज्ञांनी त्यास चित्राबाहेरील कामांस जुंपले. आपल्या भाषेच्या मुलखात याचे ठळक उदाहरण पुण्यास आहे. १९८८ साली तेथे सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. तिचे आद्य संचालक डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे; त्यांचे अभियांत्रिकीचे पदवीशिक्षण आपल्या शेजारच्या नागपुरास झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला. त्याच संस्थेचा ‘परम सिद्धी-एआय’ हा महासंगणक ग्राफिक्स प्रोसेसरांच्या बळावर चालतो आणि नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत त्यास ६३ वे स्थान मिळाले होते. त्या विशाल यंत्रातही पाने मागावी लागतात, नोंदावी लागतात, पुसावी लागतात व परत द्यावी लागतात. पाने मोठी झाली, संख्या वाढली. कोठीवाल्याचे नियम बदललेले नाहीत.

ते नियम थोडक्यात असे : मागणी पाहून मोजके द्यावे, दिल्याची नोंद तत्काळ करावी, काम खरोखर संपल्याची खात्री होईतो परत घेऊ नये, परत घेताच नोंद खोडावी व पान पुसावे, साठा ठेवावा, पण दुसऱ्याची गरज दिसताच तो सोडावा. पाचही नियम साधे आहेत. त्यांतील एकाचाही विसर पडला तर काय होते, ते वर आलेच आहे. उद्या आपल्या शाळेतील एखादा विद्यार्थी असा ड्रायव्हर लिहू लागेल. त्याचे काम पडद्यावर कोठेही दिसणार नाही आणि चित्र नीट उमटत राहील, तोवर त्याचे नावही कोणी विचारणार नाही. तथापि सहस्रावधी घरांतील कागदपत्रे, छायाचित्रे व पैशांचे व्यवहार त्याच्या हिशेबाच्या भरवशावर निर्धास्त असतील. अशा विश्वासास पात्र होण्याची तयारी आजच्या वहीतील चोख बेरजेपासून सुरू होते, असे आम्हांस वाटते.

विद्यार्थ्यांनी सोडवावयाचे प्रश्न

१. एका लहान पडद्यावर १,३६६ गुणिले ७६८ ठिपके आहेत. प्रत्येक ठिपक्यास ४ बाइट लागतात. एका चित्रास किती पाने लागतील? शेवटच्या पानाचा किती भाग रिकामा राहील?

२. वरील उत्तराचे दुपटीच्या गठ्ठ्यांत विभाजन करा. कमीत कमी किती गठ्ठे लागतात?

३. एका कार्यक्रमास १३ पाने हवी आहेत. एकच गठ्ठा घेतला तर किती पाने वाया जातील? वाया न घालविता १३ पाने कोणत्या गठ्ठ्यांनी पुरी होतील?

४. कर्नलने टंचाईची हाक दिली असता पुढीलपैकी कोणती पाने ड्रायव्हरने सोडावीत व कोणती सोडू नयेत, ते सकारण लिहा : साठ्यातील कोरी पाने, पडद्यावर दिसत असलेल्या चित्राची पाने, ग्राफिक्स प्रोसेसर अद्याप वाचीत असलेली पाने.

उत्तरे : (१) १,०२५ पाने, शेवटचे पान निम्मे रिकामे. (२) १,०२४ + १, दोन गठ्ठे. (३) १६ चा गठ्ठा घेतल्यास ३ पाने वाया. ८ + ४ + १. (४) चौथ्याचे उत्तर लेखातच आहे. ते विद्यार्थ्यांनी आपल्या शब्दांत लिहावे.